सोनोग्राफी : कोणती, केव्हा, कशासाठी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर घुटमळले. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय असते, शेतीचे प्रश्न असतात, एखादा प्रवासवृत्तान्त असतो. गरोदरपणातल्या सोनोग्राफीवर तासभर बोलायचे म्हणजे दवाखान्यातली गोष्ट चावडीवर आणायची, अशी त्यांची अडचण. ती मला समजते. पण माझे म्हणणे असे की, ही गोष्ट चावडीवर केव्हाच आलेली आहे. कोणाची सून कितव्या महिन्यात सोनोग्राफीला गेली, कोणाबरोबर गेली, आणि परत येताना मंडळींचे चेहरे कसे होते, याची चर्चा आपल्या गावांतून होतच असते. मग ती थोडी माहिती घेऊन झाली तर काय बिघडले?

मी आरंभ एका गोष्टीने करते. २०१४ सालचा उन्हाळा. मे महिन्याचे शेवटचे दिवस. सेनगाव तालुक्यातल्या एका गावाहून सासू आणि सून माझ्याकडे आल्या. सून पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सासूने प्लास्टिकच्या पिशवीतून सोनोग्राफीचे तीन कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. एक सातव्या महिन्यातला, एक आठव्यातला, एक चार दिवसांपूर्वीचा. तिन्हींवर बाळंतपणाच्या तारखा वेगळ्या. एक म्हणे २५ मे, दुसरा म्हणे ८ जून, तिसरा म्हणे १७ जून. पहिली तारीख उलटून गेली होती. कोणीतरी शहाण्याने घरी सांगितले होते की, आता पोट फाडल्यावाचून गत्यंतर नाही. सासू बिचारी रडकुंडीला आलेली. ती मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ह्या तिन्हीतली खरी कोंची म्हणावी?"

मी सुनेला विचारले, शेवटची पाळी केव्हा आली होती? तारीख तिला सांगता येईना. पण ती म्हणाली, "पोळ्याच्या करीला मी बाजूला बसले होते." झाले! कॅलेंडर काढले. पोळा ५ सप्टेंबरला होता, म्हणजे कर ६ तारखेची. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की येतो १३ जून. पाळी नियमित होती, आणि सातव्या महिन्यातल्या कागदावरची ८ जून ही तारीख त्याच्याशी बरीच जुळत होती. रक्तदाब ठीक, बाळाची हालचाल ठीक. मी त्यांना घरी पाठवले आणि आठवड्याने यायला सांगितले. मृगात, वेळेवर, ती आपल्या आपण बाळंत झाली.

तीन सोनोग्राफ्यांना जे सांगता आले नाही ते पोळ्याने सांगितले. याचा अर्थ सोनोग्राफी खोटी, असा मात्र नाही. याचा अर्थ इतकाच की, त्या घराने पैसे खर्च केले तीन वेळा आणि तिन्ही वेळा चुकीच्या महिन्यात.

हे असे का होते? आपण समजतो की यंत्र बाळाचे वय पाहते. यंत्र वय पाहत नाही. ते माप घेते. डोक्याची रुंदी, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी. मग तक्त्यात पाहून सांगते की, एवढ्या मापाचे बाळ सामान्यतः इतक्या आठवड्यांचे असते. तुम्ही शेतकरी आहात. सोयाबीन पेरल्यावर आठ दिवसांनी रानात जा, सगळी रोपे एका मापाची दिसतील. त्यांच्याकडे पाहून पेरणी केव्हाची हे तुम्ही बिनचूक सांगाल. तेच दीड-दोन महिन्यांनी जा. कुठे कमरेला लागेल, कुठे गुडघ्याच्या वर जाणार नाही. जमीन वेगळी, पाणी वेगळे. पोटातल्या बाळाचेही तसेच आहे. पहिल्या तीन महिन्यांत सर्व बाळे जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात, म्हणून त्या वेळच्या मापावरून काढलेली तारीख चुकली तर पाच-सात दिवसांनी चुकते. शेवटच्या तीन महिन्यांत आईबापांचा बांधा, आईचे खाणेपिणे, तिचे आजार, या सर्वांचा परिणाम मापावर होतो, आणि तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून पहिल्या तिमाहीत जी तारीख ठरली ती ठरली. नंतरच्या कागदावर वेगळी तारीख दिसली तर ती तारीख बदलायची नसते. बाळाची वाढ कशी चालली आहे, एवढेच त्यावरून पाहायचे असते.

या यंत्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ग्लासगो हे जहाजे बांधणाऱ्यांचे गाव. तेथील कारखान्यांत लोखंडात आत कुठे चीर गेली आहे का, हे ध्वनीच्या लहरी सोडून पाहत असत. चीर असली की लहर तेथून परत फिरते. इयान डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन अशाच एका कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात असे त्यांना दिसले. १९५८ साली त्यांनी, मॅकव्हिकर हे डॉक्टर आणि टॉम ब्राउन हे इंजिनिअर यांच्यासह, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात पोटातल्या गर्भाची चित्रे होती. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र सेकंदाला लाखो कंपने वापरते. म्हणजे हा आवाजच आहे, क्ष-किरण नव्हेत. साठ वर्षांहून अधिक काळच्या वापरात तपासणीपुरत्या शक्तीने बाळाला इजा झाल्याचे दिसलेले नाही. तरीही या लहरींनी किंचित उष्णता निर्माण होते, म्हणून गरजेपुरती आणि थोडा वेळ, असाच नियम डॉक्टर पाळतात. बाळाच्या चेहऱ्याचा रंगीत फोटो अल्बमसाठी काढणे ही गरज नव्हे. (आपल्या औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभारायला २०२३ साली केंद्र सरकारने अंतिम मंजुरी दिली. ती आकाशातल्या लहरी टिपणार. लहरी टिपून न दिसणारे पाहण्याची कला आता आपल्या जिल्ह्याला परकी राहणार नाही!)

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कोणत्या कराव्यात?

मी माझ्या बायकांना असे सांगते की, प्रत्येक सोनोग्राफी हा एक प्रश्न आहे. जाण्यापूर्वी प्रश्न कोणता, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर 'सहज, बघून घेऊ' असे मिळाले तर आणखी एकदा विचारा.

महिना चुकल्याबरोबर, दीड-दोन महिन्यांत करायची सोनोग्राफी सर्वांना लागत नाही. पण पोटात एका बाजूला कळ येत असेल, अंगावरून जात असेल, चक्कर येत असेल, किंवा मागे कधी गर्भ नळीत राहिला असेल, तर ती त्याच दिवशी करायची. नळीत राहिलेला गर्भ फुटला तर बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायलाही वेळ मिळत नाही. तेथे 'उद्या बाजारच्या दिवशी जाऊ' हे चालत नाही.

दुसरी, अकरा ते तेरा आठवड्यांची, म्हणजे तिसरा महिना संपता संपता. हिचे मोल फार मोठे आहे आणि आपल्याकडे हीच नेमकी राहून जाते, कारण तीन महिने होईपर्यंत घरात कोणाला सांगायचे नाही अशी रीत. या एका तपासणीत तारीख पक्की होते. जुळी असतील तर कळते, आणि त्या दोघांची वार एक की दोन, हेही कळते. पुढे ते इतके स्पष्ट दिसत नाही, आणि एकाच वारेच्या जुळ्यांना धोका जास्त असतो. कवटी तयार झाली नसेल तर तेही याच वेळी दिसू लागते. बाळाच्या मानेमागचे पाणी मोजतात, त्याच्या जोडीला रक्ताची तपासणी करतात आणि गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता किती, याचा आकडा देतात. येथे मी थोडी थांबते. तो आकडा शक्यतेचा आहे. 'दोनशेत एक' असे लिहून आले म्हणजे बाळात दोष आहे असे नव्हे. अशा दोनशे बायकांपैकी एकशे नव्व्याण्णव जणींच्या बाळात तो दोष नसतो. पण त्या आकड्याने घराची झोप उडते. म्हणून ही रक्ततपासणी करण्यापूर्वी नवराबायकोने बसून ठरवावे की, आपल्याला हे जाणून घ्यायचे आहे का, आणि आकडा वाईट आला तर पुढची सुईची तपासणी करायची आपली तयारी आहे का. नको म्हणण्याचा अधिकार बाईला आहे. नको म्हणणारी बाई अडाणी नसते.

तिसरी, पाचव्या महिन्यातली, अठरा ते वीस आठवड्यांची. डोके, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे, हातपाय, वार कोठे आहे, पाणी किती आहे, हे सारे या वेळी पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गरोदर स्त्रीला चोवीस आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी असावी असे म्हटले. ज्या घराला एकच परवडते, एकदाच गाडीभाडे घालता येते, त्या घराने ती हीच करावी असे माझे मत आहे. आणि ती वीस आठवड्यांपूर्वी आटोपावी. शंका आली तर नांदेडला किंवा संभाजीनगरला जाऊन दुसऱ्यांदा पाहायचे असते, त्यात आठवडा-दोन आठवडे जातात.

या दिवसांच्या हिशेबामागे एक दुःखद इतिहास आहे. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती. २००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याने आणि डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. गर्भाच्या हृदयातला गंभीर दोष मर्यादा उलटल्यावर, चोवीस आठवड्यांच्या सुमारास, उघड झाला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या प्रकरणाने देशात चर्चा सुरू झाली आणि पुष्कळ वर्षांनी, २०२१ साली, कायदा बदलला. आता ठरावीक वर्गातील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळू शकते. तथापि मंडळापुढे जाणे, कागद जमवणे, दूरच्या गावी राहणे, हे सेनगावच्या शेतमजुराला सोपे नाही. त्याला कायद्यापेक्षा कॅलेंडर अधिक उपयोगी पडते.

येथे माझी एक चूक सांगते. डॉक्टरी सुरू करून मला फार वर्षे झाली नव्हती. एका बाईच्या पाचव्या महिन्यातल्या कागदावर 'वार खाली' असे आले. मी तिला घाबरवून सोडले. उठायचे नाही, वाकायचे नाही, शेतात जायचे नाही. ती माणसे हळद काढणीच्या मजुरीवर जगणारी. चार महिने तिने खाट सोडली नाही, नवऱ्याने निम्मे दिवस कामावर जाणे सोडले, घरावर कर्ज झाले. आठव्या महिन्यात पुन्हा पाहिले तर वार वर सरकलेली. बहुतेक वेळा ती सरकतेच, कारण गर्भाशय वाढते तसे खालचा भाग लांबतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होते. पण कागदावरचे अक्षर पाहून मी पुस्तक विसरले. 'बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा पाहू, अंगावरून गेले तर ताबडतोब या' इतके सांगितले असते तर पुरे होते. सोनोग्राफी करावी की नाही, हा अर्धा प्रश्न. तिचा कागद कोण आणि कसा वाचून दाखवतो, हा दुसरा अर्धा.

सातव्या महिन्यानंतरच्या सोनोग्राफ्यांबद्दल थोडक्यात सांगते. प्रकृती उत्तम असलेल्या बाईला त्या ठरावीक म्हणून करून फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत १९९३ साली पंधरा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात सरसकट सोनोग्राफी केलेल्या आणि गरजेपुरतीच केलेल्या, अशा दोन गटांची तुलना झाली. बाळांच्या जिवाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. त्याहून आपल्या जवळचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या देशांच्या ग्रामीण भागात गरोदर स्त्रियांना सोनोग्राफीची सोय करून दिली. त्याने मातामृत्यू कमी झाले नाहीत, बालमृत्यू कमी झाले नाहीत, इतकेच काय, दवाखान्यात येऊन बाळंत होणाऱ्यांची संख्याही वाढली नाही. यंत्राने धोका दाखवला तरी पुढे रस्ता, गाडी, रक्त आणि भूलतज्ज्ञ नसेल तर दाखवलेला धोका तसाच राहतो. म्हणून मला त्या बाईची चीड येत नाही पण तिच्या घरच्यांची येते, जे चार सोनोग्राफ्या करतात आणि हिमोग्लोबिन एकदाही तपासत नाहीत. रक्तदाब, लघवी, रक्त आणि वजन यांना यंत्राची ऐट नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाई ते फुकट करतात. म्हणूनच कदाचित त्याला किंमत नाही!

कारण असेल तेव्हा मात्र शेवटच्या महिन्यांतही सोनोग्राफी अवश्य करावी. रक्तदाब वाढला, साखर वाढली, बाळाची हालचाल कमी वाटली, पोटाची वाढ दिवसांच्या मानाने मागे पडली, जुळी आहेत, बाळ आडवे असल्याची शंका आहे, अंगावरून गेले. आणि मागचे बाळंतपण सिझेरियनचे असेल तर वार जुन्या टाक्यांवर बसलेली नाही ना, हे पाहण्यासाठी.

यावर एक प्रसंग सांगते, कारण पुढचा विषय त्यातून निघतो. कळमनुरीकडच्या एका बाईला दोन मुली, दोन्ही सिझेरियनने झालेल्या. तिसऱ्या वेळी तिने पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी केली नाही. का? तिनेच मला नंतर सांगितले. दोन मुलींची आई पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेली की सारे गाव म्हणते, "ही बघायला गेली." त्या बोलण्याला ती भ्याली. आठव्या महिन्यात एका रात्री तिच्या अंगावरून जाऊ लागले. वार खाली होती आणि जुन्या टाक्यांत रुतलेली होती. तिला नांदेडला न्यावे लागले. रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागल्या. बाई वाचली, बाळ वाचले, पिशवी काढावी लागली. बाळ मुलगा होता की मुलगी, असे आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते मी सांगणार नाही.

ही भीती कोठून आली? ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलाची परीक्षा करून मुलगी असल्यास गर्भ पाडण्याचा धंदा उघडपणे चालत असे. आज पाचशे रुपये घाला आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. स्त्रियांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. संसदेचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला, आणि २००३ साली अधिक कडक झाला. तरी काय झाले पाहा. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९२७ मुली होत्या. २०११ मध्ये ८८२ राहिल्या. बीडमध्ये तर ८०७. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या दहा वर्षांत आपण रस्ते केले, कचेऱ्या बांधल्या, आणि हजारामागे पंचेचाळीस मुली कमी केल्या.

म्हणून सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, म्हणून आत जाण्यापूर्वी फॉर्म भरून घेतात आणि 'मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' अशा मजकुरावर बाईची सही घेतात. पुष्कळांना तो कंटाळवाणा कागद वाटतो. डॉक्टरला शब्दाने, खुणेने किंवा दुसऱ्या कोणत्याही रीतीने लिंग सांगता येत नाही. सांगणारा आणि विचारणारे नातेवाईक, दोघेही तुरुंगाला पात्र आहेत. पण कायद्यातले एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. बाईवर आरोप आला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असेच गृहीत धरायचे असते. कायदा करणाऱ्यांना आपले घर चांगले ठाऊक होते म्हणायचे! याच कायद्याने यंत्र मनाला येईल तसे गाडीत घालून गावोगाव नेता येत नाही. त्यामुळे दूरच्या वाडीवरच्या बाईला तालुक्याला यावे लागते. ही किंमत खरीच आहे, आणि ती गुन्हा केलेल्यांनी दिली नाही, त्या वाडीवरच्या बाईने दिली.

राहता राहिल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ज्यांना श्रावण-भाद्रपदात दिवस जातात, त्यांचा पाचवा महिना फडावर येतो, आणि तेथे उचल घेतलेला कोयता सोडून दवाखान्यात जायला मुकादम राजी नसतो. अशा घरांसाठी माझे सांगणे असे : निघण्यापूर्वी, दिवस कमी असले तरी, एक सोनोग्राफी करून तारीख पक्की करावी, त्या कागदाची घडी माता-बालकार्डात ठेवावी, आणि अठरा ते वीस आठवड्यांची तारीख आशाताईंकडून कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ती देशभर चालू आहे, साखर कारखान्याच्या गावीही. सरकारी दवाखान्यात गरोदरपणातली सोनोग्राफी मोफत मिळण्याची योजना २०११ सालापासून आहे. कार्ड दाखवावे आणि मागावी. मुकादमाशी बोलणे हे नवऱ्याचे काम आहे. ते त्याने बायकोवर ढकलू नये.

माझी वेळ झाली असे अध्यक्षांनी घड्याळ पाहून सुचवले आहे. प्रश्न पुष्कळ असतील आणि ते इतक्या माणसांत विचारणे बायकांना जमणार नाही. मी सभा संपल्यावर मंडपाच्या मागच्या खोलीत बसते. ज्यांच्याजवळ कागद असतील त्यांनी पिशवीसकट आणावेत. पुरुष मंडळींनी तेवढ्या वेळात बाहेर चहा घ्यावा, आणि लेकरे सांभाळावीत.